डबा खातात, पण 'येतो काकू' म्हणत नाहीत

लातूरच्या ट्यूशन एरियात मेस चालवणाऱ्या एका ताईंचं चार पानी पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाल्यात. पत्र मोठं आहे, त्यातला मुख्य भाग तेवढा देते.

"लॉकडाऊनमध्ये आमच्या मालकांचं दुकान बसलं, तेव्हापासून घरातच मेस सुरू केली. दोन बॅच जेवायला येतात, बाकीच्यांचे डबे जातात. सगळी पोरं नीटवाली, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणारी. नांदेड, हिंगोली, परभणी, बीडकडची. लेकरं चांगल्या घरची आहेत, पण बोलणं-चालणं काही नाही. आली की मोबाईल ग्लासाला टेकवून ठेवायचा, जेवायचं, ताट तिथंच टाकून उठायचं. काय जेवायलेत हे पण बघत नाहीत. 'भाजी कशी झाली रे' विचारलं तर कानात वायरी. येताना 'काकू' नाही, जाताना 'येतो' नाही. ग्रुपवर मात्र मेसेज येतो, 'आज पनीर नाही का'. एकानं तर गूगलवर एक स्टार दिला, 'चपाती थंड'. राहतो कुठं, तर आमच्या भिंतीपलीकडं!

किनवटकडचं एक पोरगं दोन वर्षं आमच्याकडं जेवलं. टायफॉईड झाला तेव्हा मी त्याला भाताची पेज करून घातली. या वर्षी रविवारी परीक्षा झाली आणि सोमवारी सकाळी सहाच्या आत खोली रिकामी करून गेलं. न सांगता. त्याचा स्टीलचा डबा अजून माझ्या मांडणीवर आहे, वडिलांचं नाव घातलेला. त्या दिवशी मला स्वयंपाक सुचला नाही.

एसटीचं तर बोलायलाच नको. परवा उदगीरला जाताना एकाला जरा सरका म्हटलं तर म्हणाला, 'अर्ध्या तिकिटात बसायला पण पाहिजे का?' आमच्या वेळी असं नव्हतं. माणुसकीच राहिली नाही. मी ग्रुपवर रोज सकाळी संस्काराचे सुविचार टाकते, कुणी अंगठासुद्धा देत नाही. पुण्यातला माझा मुलगा म्हणतो, 'आई, ते कस्टमर आहेत, नातेवाईक नाहीत. पैसे घे आणि सोड.' पोळ्या लाटायला बाई आहे, तिलाही प्रत्येक गोष्ट ओरडून सांगावी लागते. मी या पोरांना टोकावं का? का मुलगा म्हणतो तसं सोडून द्यावं? आणि जूनपासून महिन्याचे पैसे वाढवले तर चालेल का?"

ताई, नमस्कार.

टोका. मुलाचं ऐकून गप्प बसू नका. घर तुमचं, चूल तुमची. तिथं कसं वागायचं हे तुम्ही नाही सांगायचं तर कुणी सांगायचं? फक्त कशासाठी टोकायचं आणि कशासाठी नाही, हे आधी निवडून घेऊ. तुमच्या पत्रात चार-पाच वेगवेगळी दुखणी एकत्र आलीत आणि सगळ्यांना तुम्ही 'माणुसकी राहिली नाही' असं एकच नाव दिलंय.

किनवटच्या पोराचं आधी बोलू. पत्रात तुमचं अक्षर तिथंच बिघडलंय.

वार बघा. रविवारी दुपारी पेपर झाला. प्रश्नपत्रिका पोरांना बरोबर आणता येते. संध्याकाळपासून क्लासवाले आपापल्या उत्तरतालिका मोबाईलवर टाकायला लागतात. 180 प्रश्न, बरोबर आला तर चार मार्क, चुकला तर एक वजा, एकूण 720. पोरं खोलीत बसून एकेक प्रश्न ताडून बघतात आणि झोपायच्या आत ज्याचा त्याला आकडा कळलेला असतो. देशभरातून वीस लाखांवर पोरं ही परीक्षा देतात, एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, आणि बापाला परवडणाऱ्या सरकारी जागा त्यातल्या निम्म्याच. त्या रात्री तुमच्या गल्लीतल्या खोल्यांमध्ये काय चाललेलं असतं ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही. भिंतीपलीकडं तुम्हीच राहता.

आता सोमवारी सकाळी तो पोहे खायला आला असता तर तुम्ही पहिलं काय विचारलं असतं? "कसा गेला रे पेपर?" मीही तेच विचारलं असतं. घरमालकानं विचारलं असतं, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं विचारलं असतं, स्टँडला सोडणाऱ्या ऑटोवाल्यानंही. बाकीच्यांना "बरा गेला मामा" म्हणून वाटेला लावता येतं. तुम्हाला ते म्हणणं त्याला जमलं नसेल, कारण तुम्ही त्याला आजारपणात पेज घातलेली. म्हणून पहाटेची गाडी. अंदाजच आहे हा, पण दोन वर्षं जेवून पोरानं उर्मटपणे पाठ फिरवली, यापेक्षा मला हाच पटतो. उर्मट पोरगं सामान नीट मोजून नेतं. बापाचं नाव घातलेला डबा विसरतं ते मान खाली घालून निघालेलं पोरगं.

त्याला फोन करा, आणि निकाल लागायच्या आधी करा. निकालानंतर केलात तर तो निकालासाठीच केलाय असं त्याला वाटणार. बोलायचं एवढंच: "अरे, तुझा डबा इथंच राहिलाय. तिकडं कुणी जायलं असेल तर देऊन पाठवू का? तब्येत बरी आहे ना?" मार्कांचं नाव काढायचं नाही. "न सांगता गेलास" हे तर बिलकुल नाही, पुढंही कधी नाही. फोन उचलला नाही तर हेच मेसेजवर लिहा आणि थांबा. आईनं उचलला तर तिलाही आकडा विचारू नका. सगळी भावकी तिला विचारून गेलेली असेल.

एक स्टारवाल्याचं थोडक्यात. चपाती थंड होती का? असेल तर तक्रार खरी आहे, दार तेवढं चुकलंय. या पोरांना जेवणाला, रिक्षाला, मास्तरांनासुद्धा तारे द्यायची सवय मोबाईलनं लावली. तोंडावर सांगायला धीर लागतो. तुमच्यासमोर बोललं तर तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बिचाऱ्यानं ते अख्ख्या लातूरला दिसेल अशा ठिकाणी लिहिलं! हसा आणि बोलावून सांगा, "पोळी थंड आली तर आत येऊन सांग, तव्यावरची देते." रागावू नका. पैसे देऊन जेवणाऱ्यानं तक्रार केली म्हणून तो उद्धट ठरत नाही.

आणि इथंच एक विचारते, राग मानू नका. दुसऱ्या बॅचला काय उरतं? पहिल्या बॅचला दाट वरण आणि दुसरीला त्यात तांब्याभर पाणी, असं तर होत नाही ना? मेसमध्ये सर्रास होतं म्हणून विचारते. उणं पडेल अशी धास्ती असली की माणूस आधी बोलणं सोडतो, मग बघणं सोडतो, मग धक्का मारतो. तुमच्या लातूरनं हे पाहिलेलं आहे. 2016 च्या उन्हाळ्यात पाण्याच्या टाक्यांवर भांडणं व्हायला नकोत म्हणून मार्चमध्येच जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. वर्षानुवर्षं एका गल्लीत राहिलेली माणसं नळीच्या तोंडाशी एकमेकांना ओळखेनाशी झाली. पण त्याच उन्हाळ्यात, त्याच माणसांच्या घरी कुणी गेलं तर आधी तांब्या-पेलाच पुढं यायचा. विकतचं पाणी असलं तरी. टाकीपाशी भांडणारी आणि घरात पाणी पुढं करणारी बाई एकच होती. म्हणून 'आजकालची पोरं' असा सरसकट शेरा मारायला माझी लेखणी धजत नाही. त्यांना तुम्ही टाकीपाशी बघताय का घरात, ते आधी बघावं लागतं.

एसटीतलं प्रकरणही त्याच जातीचं. 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, त्याआधी ऑगस्ट 2022 मध्ये पंचाहत्तरीपुढच्यांना फुकट प्रवास. माहेरी, दवाखान्यात, देवाला म्हणून बायका बाहेर पडायला लागल्या. बायका वाढल्या तशा गाड्या वाढल्या असत्या तर त्या गड्याची जीभ एवढी चालली नसती. पण म्हणून ऐकून घ्यायचं असं नाही. पुढच्या वेळी शांतपणे म्हणा, "होय दादा, तिकीट अर्धं आहे, पण सीट पूर्ण असते." बाजूच्या दोन बायका हसतील आणि तो सरकेल. आमदारांसाठी राखीव लिहिलेल्या सीटवर कधी आमदार बसलेला बघितलाय का? त्या सीटवर कुणी कुणाला बोलत नाही, बोलणी खायची ती अर्ध्या तिकिटानंच!

आता तुमच्या 'आमच्या वेळी'कडं येते.

आमच्या वेळी पंगत बसायची. यजमान हात जोडून रांगेतून फिरायचा, "सावकाश होऊ द्या मंडळी" म्हणायचा. वाढप्याचा आग्रह, नको-नको म्हणत ताटावर आडवे धरलेले हात, तरीही पडलेली बुंदी. छानच होतं ते, बसणाऱ्यांसाठी. आत चुलीपुढं धुरात बसलेल्या बाईला कुणी येऊन विचारलं होतं का, "वहिनी, तुमचं झालं का?" ती शेवटी बसायची, बहुतेकदा भाजी संपल्यावर, ठेच्याबरोबर. तिच्या हाताची वाहवा व्हायची ती बाहेर, तिच्या नवऱ्यापुढं. ताई, तुम्ही-मी ज्या घरांत वाढलो तिथं आपल्या आयांना कुणी 'जेवण चांगलं झालंय' असं तोंडावर म्हटलेलं आठवतं का? मला तरी आठवत नाही.

आणि त्या पंगतीत सगळं गाव नव्हतं. काहींना लांब बसवून वरून वाढायचे. त्यांनी रस्त्यात कुणी दिसलं की वाकून 'जोहार' घालायचा. त्या घरातल्या माणसाच्या तोंडून "पूर्वी लोक किती अदबीनं वागायचे" हे वाक्य तुम्ही ऐकलंय का कधी? मी नाही ऐकलं. त्यांनी जोहार टाकला, ताठ मानेनं 'जय भीम' म्हणायला लागले, तेव्हा आपल्याकडच्या किती वाड्यांमध्ये तोही उद्धटपणाच ठरला होता! आपण ज्याला जुनी सभ्यता म्हणतो त्यात बराचसा भाग दबावाचा होता. सूनबाई सासऱ्यापुढं बाजेवर बसायची नाही. पोरगं मास्तर दिसले की गल्ली बदलायचं. तो दबाव गेला म्हणून मला हळहळ वाटत नाही. दबाव जाताना त्याच्याबरोबर दोन चांगल्या सवयीही गेल्या, हळहळ त्यांची आहे.

म्हणून तुम्हाला जे पोरांकडून हवंय, ते जुन्या काळात शोधू नका. स्वयंपाक करणाऱ्या बाईकडं बघून दोन शब्द बोलावेत ही रीत आपल्याकडं कधी नव्हतीच. ती तुम्हाला नव्यानं पाडायची आहे. कठीण आहे, पण तुमच्याइतकं ते दुसऱ्या कुणाला सोपं नाही, कारण पोरं दिवसातून दोनदा तुमच्याच दारात येतात आणि भूक लागलेली असताना येतात.

सुरुवात मात्र पोरांपासून करू नका. तुमच्या पत्रात पोरांची गावं आहेत, मुलाचं शहर आहे, डब्यावर घातलेल्या नावाचाही उल्लेख आहे. पोळ्या लाटणारी मात्र नुसती 'बाई' आहे. तिला ओरडून सांगावं लागतं असं तुम्हीच लिहिलंय. ते ओरडणं बाहेर ताटावर बसलेल्या पोरांना ऐकू जातं, ताई. कानात वायरी असल्या तरी जातं. ज्या स्वयंपाकघरात पोळी लाटणारीला नाव नाही, तिथं वाढणारीला 'काकू' म्हणायचं पोरांना कुठून सुचणार? उद्यापासून तिला नावानं, 'ताई' लावून हाक मारा. तुमच्याहून वयानं लहान असली तरी. पहिले चार दिवस तुमची जीभ अडखळेल आणि ती बाई 'यांना काय झालं' म्हणून बघत राहील. पोरांना सांगताना "पोळ्या अजून टाकायल्यात" असं म्हणू नका, "अमक्या ताई पोळ्या टाकायल्यात, पाच मिनिटं बसा" असं म्हणा. आणि पहिली बॅच उठली की दोघी मिळून दहा मिनिटं बसा, चहा घ्या. पोरांना दिसेल असं बसा.

पोरांच्या मोबाईलचं मी थोडं त्यांच्या बाजूनं बोलणार आहे. त्यांचा दिवस तुम्हाला माहीत आहे. सकाळी क्लास, मग कॉलेज, मग पुन्हा क्लास, मग डाऊट, रविवारी टेस्ट. मिनिटाला एक प्रश्न सोडवायची सवय लावलेली पोरं ती, सगळीकडं मिनिटंच मोजतात. दिवसभरात डोक्यावर मास्तर नाही आणि पुढ्यात पुस्तक नाही अशी वीस मिनिटं त्यांना तुमच्या ताटावरच मिळतात. त्यात ती क्रिकेट बघतात, कुठली तरी फालतू रील बघतात. काही जण आईला व्हिडिओ कॉल लावून ताट दाखवतात. ते पोरगं तुम्हाला दुर्लक्ष करतंय असं वाटतं, आणि तिकडं त्याची आई तुमची भाजी बघून निवांत होते. तेव्हा मोबाईलबंदी करू नका. ती टिकणार नाही, रोज भांडण मात्र होईल. भिंतीवर पुण्यासारखी पाटीही लावू नका. पाटी वाचून पोरं तिचा फोटो काढतात, वागत नाहीत. आपल्याकडं तोंडानं सांगितलेलंच चालतं.

सांगायचं कधी? जूनमध्ये. नवीन बॅच येते तेव्हा पोराला सोडायला आई-बाप येतात, गादी, बादली, पुस्तकांचं खोकं घेऊन. मेस ठरवायला तुमच्याकडं येतात तेव्हा आधी त्यांना बसवा, पाणी द्या, गाव विचारा, पाऊस कसाय विचारा. पैशांचं नंतर. मग आई-बापासमोर, हसून, पण पक्कं सांगा: इथं आल्यावर आत डोकावून आलो म्हणायचं. ताट उचलून मोरीत ठेवायचं. जाताना सांगून जायचं. उद्या जेवायला नसशील तर आदल्या रात्री सांगायचं, म्हणजे अन्न वाया जात नाही.

यात 'मोठ्यांचा मान ठेवावा' असलं काही नाही हे बघा. प्रत्येक गोष्टीमागं काम आहे. आत डोकावून आलो म्हटलं की तव्यावर पोळी पडते. येतो म्हटलं की एक जागा मोकळी झाली हे कळतं. नसणार हे आधी कळलं की कणीक कमी भिजते. कामाशी बांधलेली रीत पोरं चार दिवसांत उचलतात, कारण तिचा उपयोग त्यांना दिसतो. नुसत्या मानासाठी सांगितलेली रीत त्यांना नाटक वाटते, आणि खरं सांगू का, पुष्कळदा ते नाटकच असतं. एखादं पोरगं विसरलं तर सगळ्यांसमोर बोलू नका, आणि "माझा मुलगा असता तर" हे तर कधीच म्हणू नका. तुमचा मुलगा पुण्यात कुठल्या मेसवाल्या काकूंना सांगून जातो का, हे आपल्याला ठाऊक नाही.

मुलाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ते कस्टमर आहेत आणि तुम्ही त्यांच्यात स्वतःची लेकरं शोधायला लागलात तर दर मे महिन्यात तुमचा स्वयंपाक अडेल. दोन वर्षांनी जाणं हेच त्यांचं काम आहे. पण धंदा म्हणजे मुकं राहायचं, हे त्याला पुण्यात कुणी शिकवलं? लातूरच्या बाजारपेठेत, गंजगोलाईत, कापडाच्या दुकानात जा. "या काकू, बसा, पाणी आण रे," म्हणत तो गादीवर साड्यांचा ढीग घालतो, मुलीचं कुठं जमलं ते विचारतो, आणि निघताना शंभर रुपये कमी केल्यासारखं दाखवून बरोब्बर आपल्याला हवे तेवढे घेतो. मार्केट यार्डात सोयाबीन घेऊन आलेल्या शेतकऱ्याला आडत्या आधी चहा पाजतो. मग काय कापायचं ते कापतोच! म्हणजे गोड बोलणं आणि हिशेब एका गादीवर बसत आलेत. गोड बोलणाऱ्या आडत्यापेक्षा गप्प बसून ताट साफ करणारं तुमचं पोरगं जास्त प्रामाणिक आहे, असंही कधीकधी वाटतं. तरी मला दोन्ही हवंय, आणि तुमच्या मेसमध्ये ते जमण्यासारखं आहे.

जुन्यातलं एक मात्र मी सोडायला तयार नाही, आणि ते तुमच्याच जिल्ह्यातलं आहे. येळवस. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला लातूर कसं होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. जिल्ह्याला सुट्टी, दुकानांना कुलपं, रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, सगळे शेतात. कडब्याची कोप म्हणजे छोटी खोपटी, पांडवांची पूजा, मग भज्जी (दाणे-पालेभाज्यांची मिसळ भाजी), उंडे (पिठाचे उकडलेले गोळे), भाकरी, खीर आणि मडक्यातली आंबील. ज्याला शेत नाही त्यालाही त्या दिवशी कुणाच्या तरी शेताचं आवतण असतं. बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाला हाक मारतात, "ओ पाव्हणं, या की, दोन घास खाऊन जा." तो कोण, कुठला, हे तो जेवायला बसल्यावर विचारतात. कधीकधी विचारतही नाहीत. याला मी रीतभात म्हणते, कारण इथं आधी देणारा बोलतो.

तुमची हिंगोली-परभणीकडची पोरं त्या दिवशी काय करतात, माहीत आहे का? खोलीत बसून असतात. क्लास बंद, मेस बंद, हॉटेलं बंद. आदल्या रात्रीची बिस्किटं. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांकडं येळवस एवढी मोठी नसते, त्यामुळं शहर अचानक कुठं गेलं हेच त्यांना कळत नाही. पहिल्या वर्षीचं पोरगं तर घाबरतंच. या वर्षी भावाच्या किंवा कुणाच्या शेतात जाणार असाल तर चार-सहा पोरांना बरोबर घेऊन जा. जमत नसेल तर दोन दिवस आधी ग्रुपवर लिहा की त्या दिवशी मेस बंद आहे, पण सकाळी नऊला भज्जी आणि आंबील घेऊन जा, येताना भांडं आणा. शेतात नेलंत तर त्यांना कोपीसमोर बसून बिनमोबाईलचं जेवताना बघाल. शेतात रेंज नसते हेही एक कारण आहेच.

सुविचार बंद करा. आजपासूनच. पहाटे साडेपाचला उगवत्या सूर्याच्या फोटोवर 'संस्कार हीच खरी संपत्ती' वाचून आजवर कुणी ताट उचललेलं नाही. ग्रुपवर तुमच्याकडून येणारा मेसेज कामाचा असू द्या: आज भाजी काय, पोळ्या किती वाजेपर्यंत गरम, उद्या चतुर्थी आहे तर उपवास कुणाकुणाचा. असे मेसेज पोरं वाचतात, आणि त्याखाली कधीतरी आपणहून 'ओके काकू' येतं. आलं की त्याचं कौतुक करत बसू नका, नाहीतर ते परत यायचं नाही.

राहिला पैशांचा प्रश्न. वाढवा. गॅस, तेल, डाळ, सगळं वाढलंय आणि तुम्ही धर्मशाळा चालवत नाही. पण एक तारखेला जेवताना ताटावर सांगू नका. पंधरा दिवस आधी सांगा, जुन्या पोरांच्या घरी स्वतः फोन करून सांगा, किती आणि कशामुळं तेही सांगा. एखादा बाप म्हणाला की सोयाबीनला भाव नाही, दोन महिने जुन्याच दरानं घ्या, तर तेवढं ऐका. आणि वाढलेल्या पैशांतून पोळ्यांच्या ताईंचा पगार किती वाढवणार ते आधी ठरवून मगच पोरांना आकडा सांगा.